ओझेलाबाईंच्या हातातला माइक

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या मेरिव्हेलमध्ये वर्णभेद उरलेला नाही. परगण्याच्या मंडळावर निवडून जाणारे आमचे कमिशनर हार्ग्रोव्ह दर निवडणुकीत तसं सांगतात, आणि ते स्वतः चर्चमधले मानाचे सेवक, डीकन, म्हणजे खोटं थोडंच बोलणार! उरलाय तो फक्त रेल्वेचा रूळ. रुळाच्या पलीकडे गोरे राहतात, अलीकडे आम्ही काळे. इस्पितळ पलीकडे, अँब्युलन्सचं ठाणंही पलीकडे. अलीकडे आहे कबरस्तान. देवाची दया एवढीच, की तिथे पोचायला फाटक ओलांडावं लागत नाही.

ओझेला ट्रिबल ह्या अलीकडच्याच. अर्धं आयुष्य त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना चवळी आणि मक्याचा पाव वाढण्यात घालवलं. उरलेलं माउंट नेबो चर्चच्या दारात, पांढरे हातमोजे घालून, आलेल्याला जागा दाखवण्यात. बाईंचं बोलणं कमी, बघणं फार. त्यांनी नुसतं बघितलं की रडणारं मूल गप्प व्हायचं, आणि त्याची आईसुद्धा.

त्यांचा नवरा रूफस एका सकाळी न्याहारीच्या टेबलावरच छातीला हात लावून कोसळला. बाईंनी फोन केला. अँब्युलन्स लगेच निघाली, त्यात कुणाचा दोष नाही. सायरन ऐकूही येत होता, अगदी शेजारच्या गल्लीत असावा इतका जवळून. पण फाटकावर मालगाडी उभी होती. आमच्या फाटकावर ती नेहमीच उभी असते, तिला तिथली हवा मानवते. बाई रूफसचा हात धरून मोठ्याने प्रार्थना करत होत्या, "हे प्रभू, एवढी गाडी हलव, एवढी एक गाडी..." आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की हातातला हात आता नुसताच हात आहे. त्यांनी तोंड मिटलं. सायरन पलीकडे वाजतच होता.

दफनाला कमिशनरसाहेबांकडून फुलं आली. चांगली महागडी होती.

त्यानंतर ओझेलाबाई चर्चच्या पास्टर मिम्सकडे गेल्या आणि म्हणाल्या, "वसंतातल्या सभेचा माइक मी धरणार."

ही सभा म्हणजे आमच्याकडची मोठी गोष्ट. गावातली सगळी चर्चं माउंट नेबोमध्ये जमतात. पलीकडच्या दोन-तीन चर्चचे गोरे लोकही येतात. टाळ्या चुकीच्या ठोक्यावर वाजवतात, पण येतात बिचारे. निवडून दिलेल्यांना समोर बोलवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. उत्तर फक्त हो किंवा नाही. भाषण नाही, आभार नाहीत, आजोबांच्या आठवणी नाहीत. म्हणून माइक कायम आपल्या माणसाच्या मुठीत. पुढाऱ्याने फक्त तोंड पुढे करायचं.

"सिस्टर ओझेला," पास्टर म्हणाले, "एकदा माइक त्यांच्या हातात गेला की बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. सोडायचा नाही."

"मी शाळेत सातवीच्या पोरांच्या हातून वाढायचे डाव सोडवून घेतलेत पास्टर. हा तर कमिशनर."

पहिल्या सभेत पास्टरांनी विचारलं, "कमिशनर, रुळाच्या अलीकडे अँब्युलन्सचं ठाणं बांधायला तुम्ही मत द्याल? हो की नाही?"

हार्ग्रोव्हसाहेबांनी डोळे ओले केले. म्हणाले, "इतका जड प्रश्न मी माझ्या अकलेने कसा सोडवू? भावांनो, बहिणींनो, आधी हा प्रभूच्या पायाशी ठेवूया. प्रार्थना करूया!"

झालं! ख्रिस्ती माणसाला 'प्रार्थना करूया' म्हटलं की त्याची मान आपोआप खाली जाते आणि डोळे मिटतात. भरलेलं चर्च, झाडून सगळ्यांचे डोळे मिटले. ओझेलाबाईंचेही. माइक मात्र त्यांनी इमानाने कमिशनरच्या तोंडापुढे धरून ठेवला. साहेबांनी सैनिकांसाठी मागितलं, आगीच्या बंबवाल्यांसाठी मागितलं, एकोप्यासाठी तर फारच मागितलं. मग एक घसघशीत आमेन. डोळे उघडतात तो काय, खुर्ची रिकामी आणि बाजूचं दार हलतंय. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: कमिशनर काळ्या बांधवांसोबत प्रार्थनेत लीन. आमच्या हाती वाटाण्याच्या अक्षता.

"अगं, तू तरी डोळे उघडे ठेवायचेस!" व्हर्लीन म्हणाली. ही ओझेलाबाईंची शेजारीण, चर्चच्या गायनातला सगळ्यात खर्जातला आवाज.

"प्रार्थनेत डोळे कसे उघडणार? तू उघडलेस?"

"मी रडत होते. मेला प्रार्थना काय गोड करतो!"

ओझेलाबाई हसल्या नाहीत. घरी जाऊन रूफसच्या खुर्चीसमोर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं, दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त. नवरा गेला आणि ज्याच्या टाळाटाळीमुळे गेला त्याला आपणच हात लांब करून माइक पुरवला!

वर्षाने पुन्हा सभा. साहेब हसतमुखाने आले. एकदा चाललेलं नाणं पुन्हा का नाही चालणार? प्रश्न तोच. साहेबांनी डोळे ओले करायला सुरुवात केली तशा ओझेलाबाईच पुढे झाल्या.

"कमिशनर, प्रार्थना करायची ना? मग हात धरून करूया. आमच्यात तशी रीत आहे."

"अगदी मनातलं बोललात सिस्टर!"

त्यांचा उजवा हात बाईंनी धरला, डावा व्हर्लीनने. व्हर्लीनने जन्मभर बेकरीत कणीक मळलीय. साहेबांची प्रार्थना सुरू झाली, सैनिक झाले, बंबवाले झाले, एकोपा झाला. आमेनसाठी त्यांनी श्वास घेतला आणि त्याच क्षणी बाईंनी माइक स्वतःच्या तोंडाशी आणला.

"हो प्रभू! आणि अजून ऐक."

"ऐक प्रभू!" चर्च म्हणालं. डोळे सगळ्यांचे मिटलेलेच.

"प्रभू, ह्या तुझ्या लेकराला तू भरपूर शब्द दिलेस. आम्हाला एकच हवाय. तो त्याच्या जिभेवर येईपर्यंत आम्ही तुझ्या पायाशीच बसणार."

"बसणार प्रभू!"

"आमेन," साहेब मोठ्याने म्हणाले. कुणी उचललं नाही. ऑर्गनवाल्याने हळूच सूर धरला. बाई फाटकाबद्दल सांगू लागल्या, मालगाडीबद्दल, टेबलावर गार झालेल्या कॉफीबद्दल. बाकाबाकावरून हुंदके यायला लागले.

"माझा रूफस कुणाचा वाईट नव्हता रे प्रभू. सायरन ऐकत गेला."

"आमेन! आमेन!" साहेब हात ओढू लागले. व्हर्लीन कणीक सोडत नाही. आणि चाललेल्या प्रार्थनेतून उठून जाणार कसा? आमच्या परगण्यात माणूस बायकोला सोडून जाऊ शकतो, प्रार्थनेला नाही. त्यात हा डीकन, आणि फोटोवाला त्यानेच सोबत आणलेला. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता.

बाईंनी माइक त्यांच्या ओठांशी नेला. ऑर्गन थांबला.

"हो," कमिशनर हार्ग्रोव्ह म्हणाले.

"आमेन!" सगळं चर्च गरजलं, छपराची कौलं हलली असतील. पास्टर मिम्स तर नाचलेच. गडबड ओसरल्यावर त्यांना दिसलं, की ओझेलाबाई माइकची वायर गुंडाळतायत, ओठ घट्ट मिटलेले.

"सिस्टर, सगळ्यांनी आमेन म्हटलं, तुम्ही नाही?"

"त्याने नुसतं 'हो' म्हटलंय पास्टर. अँब्युलन्स कुठे आलीय?"

मत देताना साहेबांनी पळवाट शोधली, पण पेपरात ह्या वेळी फोटोखाली तो एक शब्दही छापून आला होता. ठाणं झालं. दारावर पितळी पाटी लागली, कमिशनरच्या नावाची. उद्घाटनाला ते म्हणाले, ही कल्पना प्रभूने माझ्या मनात घातली. खरंच आहे. घालायला वेळ लागला इतकंच.

ओझेलाबाई उद्घाटनाला गेल्या नाहीत. चवळी शिजत होती. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मालगाडी नेहमीसारखी फाटकावर उभी होती आणि सायरन वाजला. बाईंचा हात चमच्यावर थांबला. आवाज अलीकडून येत होता. त्यांच्या खिडकीसमोरून अँब्युलन्स सुसाट गेली, म्हाताऱ्या पर्विस जोन्सच्या घराकडे, आणि दारात थांबलीसुद्धा.

बाईंनी गॅस बंद केला. टेबलाशी येऊन रूफसच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आमेन," त्या म्हणाल्या.