काळ्या जर्सीवरचं कुंकू

मंडळी, आमच्या इथल्या, म्हणजे कॅनडाच्या फुटबॉल टीमची नवी जर्सी आज घरी आली. काळीभोर, अंगभर बर्फाला तडे गेल्यासारखी नक्षी. बघतच राहावी अशी! आधीची लाल, मग पांढरी. दरवेळी वाटतं, आता याहून भारी काय काढणार? आणि काढतात!

नव्या कपड्याला कुंकू लावल्याशिवाय सासूबाई तो घालू देत नाहीत. लालवर ते दिसलंच नाही. पांढरीवर डाग पडला, तेव्हा माझी लेक ईरा दिवसभर रुसली होती. म्हणून आज त्यांनी गुपचूप कॉलर उलटी करून आत कुंकवाचं बोट नेलं.

ईराने ते पाहिलं आणि कॉलर सुलटी केली. “आजी, नॉट इनसाइड. इथे, मेपल लीफच्या बाजूला. एव्हरीवन शुड सी.”

डिझाइन करणाऱ्याने कमाल केलीच आहे. पण जर्सी पूर्ण झाली ती आत्ता. हो ना?