पोखरलेल्या झाडाला सूत

नव्वदच्या दशकात आम्ही परदेशात, बुकित तिमाहच्या डोंगराला लागून असलेल्या एका जुन्या कॉन्डोत, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारख्या वसाहतीत, तळमजल्यावर राहायचो. मागच्या खोलीत लेक झोपायची. तिच्या खिडकीबाहेर एक अवाढव्य झाड होतं, ओकच्या भाऊबंदांपैकी. त्याची टोपीवाली फळं खिडकीवरच्या पत्र्यावर टपटपायची. मी मरीन इंजिनिअर, वर्षातला निम्मा काळ समुद्रावर. जवळपास वड नाही, म्हणून आमची ही वटपौर्णिमेला त्याच झाडाला सूत गुंडाळायची. वडाच्या जागी बदली कामगार चालतो का, म्हणून मी तिला छळायचो. मनात भाव असला की चालतो, असं ती ठणकावून सांगायची.

एका सुट्टीत बुंध्याशी पिठासारखा भुसा दिसला. कितीही झाडा, सकाळी पुन्हा तेवढाच. इंजिनरूममध्ये बेअरिंग बिघडलंय का हे आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हर यंत्राला टेकवून, मूठ कानाशी धरून ऐकतो. सवयीने मी तसंच झाडाला लावून पाहिलं. आत कुरकुर चालली होती. असंख्य अळ्या न थांबता लाकूड खात होत्या. वर पानं हिरवीगार, आणि आत हे. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच टरकलो.

कॉन्डोच्या ऑफिसात सांगितलं. त्यांच्या माणसाने खोड ठोकून पाहिलं आणि झाड तोडायलाच हवं म्हणाला, कारण ते लेकीच्या खिडकीकडे कललं होतं. मला लवकरच बोट जॉइन करायची होती. घरी हे सांगितलं तेव्हा हिच्या हातातली कणीक तशीच राहिली.

"तुम्ही समुद्रावर असताना त्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं, पोरीच्या अंगावर पडलं तर?" मी चिडून विचारलं. ती रडायलाच लागली.

शेवटी मी घरी असतानाच झाड पाडलं. आत माणूस मावेल एवढी पोकळी निघाली. शाबूत होती ती फक्त साल, आणि तिच्यात हिच्या सुताचे जुने वेढे रुतलेले. ही त्या पोकळीकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं, नखशिखांत, तपासल्यासारखं. मी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

जायच्या दिवशी बॅग दारात होती. टॅक्सी आली. मी ड्रायव्हरला परत पाठवलं आणि दार लावून घेतलं. हिने बॅग उचलून आत नेली. देवबिव न मानणारा मी, त्यानंतर कधी बोटीवर चढलो नाही.