खळ्यावरचा बास्केटबॉल

दादा मुंबईच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकला आणि खालापूरच्या शाळेत मास्तर होऊन आला, तो हा खेळ घेऊनच. आमच्या खळ्याच्या दोन टोकांना त्यानं वासे रोवून लोखंडी कड्या बसवल्या. भाताची मळणी उरकली की हंगाम सुरू होई. पावसानं खळं उखडलं की संपे. खालापूर, चौक, खोपोली आणि कर्जतचे रेल्वेवाले असे चार संघ आळीपाळीनं एकमेकांकडे जात. मी खेळात कच्चा. कडेला पुस्तक घेऊन बसे. वाचन फारसं होत नसे.

खळ्यावर पायताण घालून जायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पाहुण्यांनाही बूट कडेला काढावे लागत. सारवलेल्या जमिनीवर रेल्वेवाले घसरत आणि आम्ही जिंकत. शेवटचा सामना मात्र दर वर्षी कर्जतला. तिथं मैदानावर इंजिनातल्या जळक्या कोळशाची खडी पसरलेली. आमच्या मुलांचे तळवे सोलून निघत. तिथं एकदा जिंकायचं, एवढंच दादाच्या मनात होतं.

एका हंगामात त्यानं पाचही जणांसाठी कॅनव्हासचे बूट आणले. खळ्यावर सराव करू म्हणाला, तर आईनं अडवलं. "लक्ष्मीला बुटानं तुडवायचं नाय रं." मग मुलं रस्त्यावर धावून बुटांची सवय करू लागली.

कर्जतला शिट्टी झाली आणि आमच्या पाचही जणांनी रेषेबाहेर बूट काढले, नीट ओळीत लावले आणि आत गेले. त्यांचा इंजिनात कोळसा टाकणारा एक फायरमन म्हणाला, "देवळात आलात काय रं?" सारं मैदान हसलं. बूट पुन्हा चढवायला पंच थांबेना. अर्धा सामना अनवाणी गेला. मध्यंतरानंतर रक्ताळल्या पायांवर बूट चढले. एका बास्केटनं हरलो.

परतताना खोपोलीच्या गाडीत दादा एकेकाचा पाय मांडीवर घेऊन खडे काढत होता आणि मध्येच आठवून हसत होता. "आता पुढच्या वर्षी," म्हणाला.

त्या पावसाळ्यात तो विषमज्वरानं गेला.

मळणीनंतर मुलांनी कोणाला न विचारता कड्या उभारल्या. कर्जतला ती जिंकली. स्टेशनावरून थेट आमच्या अंगणात आली आणि बूट काढून नीट ओळीत लावत राहिली. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"जिंकलात ना रं? मग बोला की. मी आयकते."