चेकिंगमामांची फुलभाजी

आमच्या घरात फुलांची भाजी झाली की ती आधी मामा खात आणि बाकीची माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. मामा म्हणजे माझे सासरे. दोन घास खाऊन ते उंबऱ्यावर जाऊन बसायचे आणि बेळगावची बस फाट्यावरून जाईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. बस गेली आणि मामा बसल्या जागी धड आहेत, म्हणजे भाजीही धड आहे. मग आत वळून म्हणायचे, "चला, बसा." तोवर भाकरी गार झालेल्या असायच्या आणि सासूबाई गरम. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्या चिडून म्हणायच्या की एवढा संशय आहे तर करता कशाला. त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर होतं, "करणाऱ्यानं आधी खायाचं. डायवर काय मागच्या गाडीतनं येतोय व्हय?"

मामांनी जन्मभर सरकारी बसमध्ये कंडक्टरकी केली होती आणि बेळगुंदीत त्यांना सगळे चेकिंगमामा म्हणत. नोट हातात आली की ती उन्हात धरायची, पासवरचा फोटो आणि समोरचं तोंड आलटून पालटून बघायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. दूधवाल्याच्या देखत ते दूध हुंगायचे. लग्नपत्रिका आली तर आधी पाठीमागून बघायचे. मी सून म्हणून घरात आले त्या दिवशी ओवाळून झाल्यावर मी वाकून नमस्कार केला, तेव्हा आशीर्वाद देण्याआधी त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की माझा पास संपलाय की काय, असं मला वाटलं.

माणसांना नावानं हाक मारणं त्यांना जमत नसे. माणूस जिथून आला तो त्याचा स्टॉप, आणि तेच त्याचं नाव. आत्ती चारचौघांत 'खानापूर' होत्या, मोठा जावई 'हलगा' होता. मी निपाणीजवळच्या एका जैन घरातली, म्हणून मी पहिल्या दिवसापासून 'निपाणी' झाले. आमचं लग्न कॉलेजातल्या ओळखीतून झालेलं, त्यामुळे दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघत होती. माझ्यासाठी वशाट, म्हणजे मटण-मासळी, बंद झालं नाही, पण ते परसातल्या चुलीवर गेलं. माझं अंथऊ, म्हणजे दिवस मावळायच्या आधीचं जेवण, या घराला नवीन होतं. पण ते सगळ्यात आधी मामांनीच पाळायला घेतलं. ऊन तुळशीवरून उतरलं की ते आत ओरडायचे, "निपाणीची बस आधी सुटतीया. ताट घ्या." मी जेवायला बसेपर्यंत त्यांचा त्या आरोळीवरही विश्वास नसायचा. आत येऊन बघून जायचे.

भाकरी, आमटी, भात यांत मामांनी कधी लक्ष घातलं नाही. फुलं मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाहीत. त्यांचं आजोळ कणकुंबीचं. तिथल्या रानातली फुलं शिजवायला त्यांची आई शिकली होती आणि आईकडून ते शिकले. हादग्याच्या फुलातला मधला कडू दांडा काढायचा, केळफुलाच्या प्रत्येक कळीतला कडक दोरा ओढून टाकायचा, कुड्याची फुलं उकडून पिळून त्यांचा कडवटपणा घालवायचा. भोपळ्याची फुलं ते सकाळी उमलल्या उमलल्या बघायला जात आणि प्रत्येक फुलाच्या देठाखाली बोट घालत. खाली इवलासा भोपळा धरलेला असेल तर ते फूल सोडून द्यायचं आणि नुसत्या लांब देठाचं असेल ते तोडायचं. "खाली बाळ हाय का बघायचं. बाळवालीला उतरवायचं न्हाय," असं ते वेलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. मग त्या फुलांत हरभऱ्याचं वाटण भरून अशी भजी तळायचे की शेजारीपाजारी काहीतरी काम काढून यायचे.

बाजारातल्या फुलावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा आम्ही त्यांना बेळगावात एका बऱ्यापैकी हॉटेलात नेलं. ताटलीत काकडीच्या चकत्यांवर एक जांभळं फूल ठेवलेलं होतं. मामांनी ते उचललं, उलटं केलं, हुंगलं आणि वेटरला विचारलं, "हे कुठनं चढलं?" वेटर म्हणाला की ते खायचं असतं. मामांनी ते रुमालात गुंडाळून खिशात घातलं आणि घरी येऊन अंगणात पुरलं. आत्ती म्हणाल्या, "उगवलं तर काय करशीला?" उगवलं नाही, पण मामा बरेच दिवस त्या जागेवर नजर ठेवून होते.

माझ्यावर त्यांचा खरा संशय बसला तो फुलांवरूनच. आमच्याकडे लहानपणापासून धान्य, पालेभाजी, पाणी सगळं डोळ्यांखालून घालायची शिस्त. फूल तर खायचंच नाही, कारण आत जीव बसलेला असतो. मी सासरी आले तरी हात गप्प बसेनात. मामांनी खुडलेल्या हादग्याच्या टोपलीतलं एकेक फूल मी उजेडाकडे धरून बघायचे. हे त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आपण तपासलेला माल ही पोरगी पुन्हा तपासते म्हणजे काय. त्यात त्यांच्या लक्षात आलं की फुलांची भाजी असली की मी ती वाढून घेत नाही. मग त्यांचं चेकिंग सुरू झालं. माझं जेवण होईपर्यंत ते दारातून निघेनात. माझ्या नवऱ्याला विचारलं तर त्यानं माझ्या पोटात जळजळ होते असं काहीतरी ठोकून दिलं. ते मामांना पटलं नाही, आणि पटणारही नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी मागच्या पायरीवर त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "तू फुलात काय बघतीस गं?" मी खरं ते सांगितलं. किडा असतो, मुंगी असते, डोळ्यांना दिसणार नाही एवढं काहीतरी असतं. ते शिजू नये म्हणून बघते. आणि खात नाही तेही त्याच्यासाठीच, तुमच्या हातावर अविश्वास म्हणून नव्हे. मामांनी टोपलीतलं एक फूल उचलून उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, "म्हंजे मी बघतोय आपण मरू नये म्हणून, आन तू बघतीस त्येनं मरू नये म्हणून." मी मान हलवली. "मग दोघं बघू या," ते म्हणाले.  त्या घरात मला कुणीतरी पहिल्यांदा आपलं म्हटलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून नवीन पद्धत सुरू झाली. खुडलेली फुलं लगेच आत आणायची नाहीत. शेवग्याच्या सावलीत स्वच्छ पांढरा पंचा अंथरायचा, त्यावर फुलं मोकळी पसरायची आणि आतल्या मंडळींना बाहेर पडायला वेळ द्यायचा. मामा काठी घेऊन शेजारी बसत. मुंगी पंचाच्या कडेला आली की त्यांना समाधान वाटायचं. "उतरा, उतरा. गाडी डेपोत जाणार," असं ते किड्यांना सांगायचे. जाणारी येणारी माणसं हसायची, पण मामांनी आयुष्यभर गाडी रिकामी केल्याशिवाय डेपोत नेली नव्हती. त्यानंतर मी एकदा बघायचे, आणि मग फुलं चुलीकडे जायची.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की ते डॉक्टरवरच उलटे प्रश्न करायचे. डोळ्यात बसवायचं भिंग कुणी तपासलं, जुनं काढलेलं कुठं टाकतात. माझ्या नवऱ्यानं स्पष्ट सांगितलं की डोळे होत नाहीत तोवर गॅसजवळ जायचं नाही. मामांनी ऐकलं नाही. फुलं हाताला कळतात, म्हणाले. त्यांच्याकडून चूल काढून घेतली तर या माणसाकडे काय उरेल, या विचारानं मला कसंतरी व्हायचं. आणि तरी मीही आता त्यांच्यावर संशय घ्यायला लागले होते. ते मीठ घालत असताना काही निमित्त काढून जवळ जाऊन उभी राहायचे. त्यांना ते कळत होतं.

मग तो शनिवार आला. कणकुंबीहून त्यांच्या मामेभावानं कुड्याची फुलं पाठवली होती. आदल्याच दिवशी शेवग्याची फांदी छाटल्यामुळे तिथं सावली नव्हती, म्हणून मामांनी पंचा कुंपणालगतच्या झाडाखाली अंथरला. ते झाड पांढऱ्या कण्हेरीचं होतं. आत्ती देवाला रोज त्याचीच फुलं घालायच्या. दुपारी वारं सुटलं. मी ऑफिसातून आले तेव्हा आधण ठेवलेलं होतं आणि मामा पंचा चारी कोपऱ्यांनी उचलून आत आणत होते. सवयीनं मी फुलं चाळली. कुड्याच्या पांढऱ्या फुलांत कण्हेरीची पांढरी फुलं होती. एकदोन नव्हेत. कण्हेर पोटात गेली तर काय होतं हे आमच्याकडं शेरडाच्या मागे जाणाऱ्यालाही ठाऊक आहे. आणि करणाऱ्यानं आधी खायचं, हा नियम या घरात ज्यानं घातला तो माणूस माझ्यासमोर हसऱ्या तोंडानं उभा होता.

माझा नवरा पुढच्या अंगणात स्कूटर धूत होता. त्याला हाक मारली असती तर मामांची चूल त्याच क्षणी बंद झाली असती. मी हाक मारली नाही. मी मामांचा हात धरला आणि तळव्यावर दोन फुलं ठेवली, एक कुड्याचं आणि एक कण्हेरीचं. त्यांनी ती बोटांनी चाचपली. मग कण्हेरीचं फूल नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "ही कुठं चढली?" एवढंच ते पुटपुटले. गॅस त्यांनीच बंद केला. सगळी फुलं परसात खोल खड्ड्यात पुरली, शेरडं उकरतील म्हणून वर दगड ठेवला. आणि रात्री जेवताना, मी काही बोलायच्या आत, त्यांनीच मुलाला सांगितलं, "आज मी बिगरतिकीट सापडलो."

त्या दिवसापासून मामांनी कढईला हात लावला नाही. त्यांनी संशय घेणंच सोडलं. दूध आलं, त्यांनी हुंगलं नाही. किराणावाल्यानं सुटे पैसे दिले, ते न बघता खिशात टाकले. आत्ती जन्मभर ज्या गोष्टीला वैतागल्या होत्या ती गेल्यावर घाबरून गेल्या. मला म्हणाल्या, "त्येनी कायतरी म्हनायला पायजेत गं. असं गप बसल्यालं बघवंना." मलाही बघवत नव्हतं. मी मुद्दाम त्यांच्यासमोर शिळी भाजी नेऊन ठेवली, तर त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी भोपळ्याचा वेल पिवळाधमक झाला. मामा उठून वेलाकडे गेले आणि देठाखाली बोट घालून चाचपत राहिले. मग टोपली घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "निपाणी, तू तपास. मी करतो." मी म्हटलं, मामा, मी तर फुलं खात नाही, मला काय कळणार. त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच. जो खात न्हाय त्येच्यावर भरवसा ठेवावा. त्येला कसली लालूच."

संध्याकाळी भजी तळून झाली. आम्ही सवयीनं मामांच्या तोंडाकडे बघत होतो. मामा उंबऱ्यावर गेले नाहीत. सगळ्यांच्या पंगतीत बसले, सगळ्यांबरोबर पहिला घास घेतला. बसचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. "चेकिंग झालंय," म्हणाले. पुढे एका डोळ्याचं ऑपरेशनही करून घेतलं. दुसरा डोळा साक्षीदार म्हणून तसाच ठेवा, असं डॉक्टरांना बजावून.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मामा गेले. सकाळी चहा हुंगला, चांगला आहे म्हणाले आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. वर्ष झालं तेव्हा परसातला हादगा भरून फुलला होता आणि आत्तींना मामांच्या हातची भाजी आठवत होती. मी पंचा अंथरला, मुंग्या उतरेपर्यंत बसले, एकेक फूल उजेडाकडे धरलं. मग आयुष्यात पहिल्यांदा फुलांची भाजी मीच केली. ताटं वाढली तशी सगळ्यांनी भाजीला हात घातला. कुणी थांबलं नाही, कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत्ती तर दुसऱ्यांदा मागत होत्या. आनंद व्हायला हवा होता, पण मला तिथं बसवेना. मी उठले आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. आतली तोंडं बघायची, फाट्याकडे बघायचं, पुन्हा आत बघायचं. ऊन तुळशीवरून उतरलं, भिंतीवर चढलं आणि गेलं. आत्तींनी अंथऊचं ताट घे म्हणून दोनदा हाक मारली. मी म्हटलं, आले. पण बेळगावची बस त्या दिवशी उशिरा आली, आणि निपाणीची चुकली.