पुढच्या रांगेतलं हसू

आता कुठून सुरू करू आणि कसं सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या. आणि एक विनंती आहे. मध्येच हसू आलं तर हसा, पण जरा बेतानं, तोंडावर हात ठेवून. माझं एक हसणं कुठपर्यंत गेलं ते ऐकलंत, की तुम्ही आपणहून हात ठेवाल.

मी बार्शीचा. चेन्नईत पेरुंगुडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. 'आहे' म्हणजे काय, तेव्हा बेंचवर होतो. बेंच ठाऊक आहे ना? एक प्रोजेक्ट संपलं आणि दुसरं मिळालं नाही, की कंपनी माणसाला रोज बोलावते आणि नुसतं बसवून ठेवते. पगार चालू, काम बंद! ऐकायला मजा वाटते. पण दर शुक्रवारी बेंचवरचा कुणीतरी एचआरच्या खोलीत जातो आणि बॅग उचलायला तेवढा परत येतो. माझा सातवा आठवडा चालू होता. दिवसभर वेबसीरिज बघत होतो. घरी जाऊन पुन्हा तीच बघत होतो, कारण दिवसा बघितलेलं काही डोक्यात शिरलेलं नसायचं.

जेवायला रुक्माअक्कांची मेस होती. अक्का तंजावरकडच्या मराठी. पहिल्या दिवशी मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये 'सापाडु' मागितलं, म्हणजे जेवण. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मराठीच की रे तू? मग कशाला तोंड वाकडं करतोस? बैस, वाढते." त्यांच्या मराठीत निम्मे शब्द तमिळ आणि उरलेले फार जुने. पण घरापासून इतक्या लांब कुणीतरी 'बैस' म्हणालं, त्यावरच मी त्या मेसचा झालो.

अक्कांना एकच मुलगा, प्रसन्ना. सिरुसेरीला आयटीत नोकरी करायचा. एक दिवस त्याची नोकरी गेली, आणि ते आईला सांगायची त्याला लाज वाटली. तीन महिने हा पठ्ठ्या रोज सकाळी गळ्यात जुनं ओळखपत्र घालून, डबा घेऊन घराबाहेर पडत होता! कुठं बसायचा देव जाणे. कळलं तेव्हा अक्का संतापल्या आणि मेसच्या भरल्या पंगतीत म्हणाल्या, "फुकट जेवतोस आणि वर खोटं बोलतोस?" दुसऱ्या दिवशी तो नव्हता. फोनसुद्धा घरीच ठेवून गेला. त्याला आठ महिने झाले होते. अक्का रोज त्याचं पान वाढत आणि तीन वाजता ते उचलून ठेवत. हे मला दिसत होतं. मी मान खाली घालून रसम-भात खायचो, कारण प्रसन्नाच्या जागी मला मीच दिसायचो.

तर एका रविवारी ऑफिसातला कार्तिक म्हणाला, "नितीन, चल. टीव्हीचं शूटिंग आहे. प्रेक्षकांत बसायचं. फुकट एसी, वर बिर्याणी!"

बेंचवरच्या माणसाला आणखी काय हवं? गेलो. शुक्रवारी आणखी एकाची बॅग गेली होती, त्या धास्तीत रविवारीही सवयीनं ओळखपत्र गळ्यात घालून निघालो होतो.

तिथं गेल्यावर कळलं की कार्यक्रम-बिर्यक्रम काही नाही. नुसती बसलेली माणसं टिपून ठेवायची आणि मग लागतील तिथं चिकटवायची. फ्लोअर मॅनेजर हात वर करून ओरडला, "सिरिंग, सिरिंग!" म्हणजे हसा. पन्नास माणसं उगाचच हसायला लागली. मग "अळुंग!" म्हणजे रडा. पन्नास माणसांनी डोळ्यांना रुमाल लावले.

रडणं मला जमलं नाही. पण हसणं? अहो, दोन वर्षं मी दर सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरच्या विनोदांवर हसतोय! तयारीचा गडी! फ्लोअर मॅनेजर थबकला. म्हणाला, "सूपर, तंबी!" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. आणि मला उचलून पुढच्या रांगेत बसवलं. अगदी तोंडाचा क्लोजअप घेतला. सगळे दात, झालंच तर एक दाढसुद्धा. माझ्यामागोमाग पुढं येऊन बसलेला कार्तिकही चौकटीच्या कडेला खिदळत होता.

सात आठवड्यांत कुणी माझ्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. मी फुगलो. संध्याकाळी मेसमध्ये हात धुवायच्या आधी अक्कांना सांगितलं, "अक्का, मी इतकं छान हसलो की मला पुढं बसवलं!"

अक्का पोळीचा गोळा हातात धरून थांबल्या. "तंबी, त्या प्रोग्रामात लोक आपलं दुःख सांगतात, तोच की?"

"असेल. मला तमिळ कुठं कळतं एवढं?"

"माझ्यासारखी बाई गेली तर आत घेतील की रे? मला बक्षीस नको, काही नको. त्याला मी दिसणं होणा, तेवढंच." 'होणा' म्हणजे हवं. "कुठं असेल तिथं बघेल. एक फोन करेल."

मग काय! मी पुढच्या रांगेचा माणूस. तिथं प्रेक्षक जमवणाऱ्या बाईंचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला, कार्तिककडून बोलून घेतलं, तारीख ठरवली, अक्कांना रिक्षात बसवून दिलं. हे सगळं मी जुळवून आणलं, बरं का! दुसऱ्या कुणाचा यात काडीचा दोष नाही.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, कार्यक्रम लागायचा होता. अक्कांनी मेसच्या टीव्हीला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला होता. पायसम, म्हणजे आपली खीर, केलं होतं. तीस-एक पोरं पानावर बसून वर बघत होती. मी अगदी मधोमध.

पडद्यावर अक्का आल्या. निळी साडी, हातात प्रसन्नाचा फोटो. खाली त्यांचा फोन नंबर सरकत होता. निवेदकानं त्यांना जरा सैल करायला आयटीतल्या पोरांवर काहीतरी विनोद केला. त्यावर हशा यायचा होता. पण चिकटवणाऱ्याचा हात चार सेकंद उशिरा पडला. मधल्या चार सेकंदांत अक्का म्हणाल्या, "माझ्या मुलाची नोकरी गेली. तो मला सांगू शकला नाही."

आणि पडदाभर मी!

सगळे दात. दाढ. गळ्यात ओळखपत्र. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतोय.

मेसमध्ये एकाचाही घास खाली गेला नाही. मी पानाकडे बघत होतो. तेवढ्यात, विश्वास ठेवा, टीव्हीवाल्यांनी तेच हसू पुन्हा एकदा दाखवलं, सावकाश.

कार्यक्रम संपला. अक्का पायसमचं पातेलं घेऊन माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता डोक्यावर ओततात. ओतलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी वाटीत वाढलं आणि म्हणाल्या, "तू सांगितला होतास, छान हसलो म्हणून."

पुढचं विचारू नका. चेन्नईच्या पोरांना असं एखादं तोंड सापडलं की ती त्याचं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे का? सोमवारी दुपारपर्यंत माझ्या चेहऱ्याचे मीम निघाले. 'पगारवाढीचं पत्र बघताना मी.' 'मित्राचं लग्न मोडलं तेव्हा मी.' अक्का कुठं नाहीत, प्रसन्नाचा फोटो कुठं नाही, नंबर कुठं नाही. नुसता मी! ऑफिसच्या दारातला सिक्युरिटीवाला कार्ड बघायच्या ऐवजी माझे दात बघायला लागला.

एचआरनं बोलावलं. शुक्रवार नव्हता, तरी मी बॅग सोबतच घेऊन गेलो.

"नितीन, व्हिडिओत आपल्या कंपनीचं ओळखपत्र दिसतंय."

"सॉरी मॅडम."

"आणि बेंचवर असताना इतके आनंदात?"

"मॅडम, ते हसू खोटं होतं हो!"

"असं? मग सोमवारच्या मीटिंगमधलं?"

लेखी ताकीद घेऊन बाहेर आलो.

त्याच संध्याकाळी बार्शीहून आईचा फोन. "अरे, तुझा व्हिडिओ आलाय इकडं! शेजारच्या सुमननं दाखवला. ते काय बोलतात ते कळलं नाही मेलं, पण तुला हसताना बघून इतकं बरं वाटलं रे. वर्ष झालं, फोनवर नुसता हं-हं करतोस. मी चारदा बघितला. मजेत आहेस ना?"

"हो आई, मजेत," म्हटलं आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडलो. फ्लोअर मॅनेजर तिथं हवा होता.

पण खरी शिक्षा अक्कांना झाली. त्यांचा नंबर टीव्हीवर आला होता ना? फोन वाजायचा, अक्का हात पुसत धावायच्या, "प्रसन्ना?" म्हणायच्या, आणि पलीकडून कुणीतरी टवाळ माझ्यासारखा हसायचा. हा, हा, हा! आणि फोन बंद. दिवसातून पंधरा-वीस वेळा. मी म्हटलं, "अक्का, नंबर बंद करा." त्या म्हणाल्या, "आणि त्यानं केला तर?"

मग मी रोज जेवणाच्या सुट्टीत मेसमध्ये बसून तो फोन उचलायला लागलो. अक्कांच्या कानावर ते हसणं जाऊ नये, एवढंच करू शकत होतो.

शिवाय प्रायश्चित्त म्हणून एक व्हिडिओ केला. हात जोडून माफी मागितली, प्रसन्नाचा फोटो दाखवला. तो एकूण त्रेचाळीस वेळा बघितला गेला, आणि त्यातल्या निम्म्या वेळा आम्हीच, मी आणि कार्तिक! तेव्हा कार्तिक म्हणाला, "बाबा रे, तुझं रडकं तोंड कुणाला नकोय. हसरंच वापर."

वापरलं. एका बाजूला माझे दात, दुसऱ्या बाजूला प्रसन्नाचा फोटो, आणि वर कार्तिकनं तमिळमध्ये लिहिलं, 'या माकडाला बघून झालं असेल, तर शेजारच्या मुलाला शोधा.' रोज एक नवं. ते मात्र धावलं! ज्यांनी ज्यांनी मला पाठवलं होतं, त्यांनी आता आम्हा दोघांना पाठवलं.

कार्यक्रम लागल्यापासून अकराव्या दिवशी, बुधवारी, मी ताकभात कालवत होतो. फोन वाजला. उचलला. पलीकडे काहीच नाही, नुसता श्वास. आधीच सकाळपासून सातजण हसून झाले होते. माझं डोकं फिरलं. पाठ केलेल्या तमिळमध्ये ओरडलो, "हसायचंय ना? हसून घे एकदाचं आणि ठेव!"

मग हळू आवाज आला, "अम्मा आहे?"

काय वाटलं सांगू? ताकभात हातातच राहिला. मी फोन अक्कांपुढं धरला.

त्या काय बोलल्या ते मला सगळं कळलं नाही. तमिळ, मराठी आणि रडणं एकत्र होतं. एवढं कळलं की तो एन्नोरला आहे, बंदराजवळ एका गोदामात कारकुनी करतो. एन्नोर! याच शहराच्या दुसऱ्या टोकाला. आठ-नऊ महिने बाई देवाला कुठल्यातरी लांबच्या मुलखातून पोर आणायला सांगत होती.

मी मनात म्हटलं, सुटलो! माझे दात कामी आले. मी अगदी पान सोडून नाचायच्या बेतात होतो.

तेवढ्यात अक्कांनी फोनवर हात ठेवला. "फोन कोण उचलला म्हणून विचारतो."

"सांगा, मेसमधला एकजण."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. घरात एक खोटं तीन महिने चाललं होतं, दुसरं चालू करायची त्यांची तयारी नव्हती. त्या फोनमध्ये म्हणाल्या, "तोच रे. टीव्हीतला."

मग तो काय म्हणतो ते त्यांनी ऐकून घेतलं.

"येतो म्हणतो," शेवटी म्हणाल्या. "पण माझी नोकरी गेली म्हटल्यावर जो हसला, तो माझ्या घरात जेवतो का म्हणून विचारतो. तो दिसला तर दारातनं परत जातो म्हणतो."

"अक्का, द्या फोन, मी समजावतो! सांगतो त्याला, माझीसुद्धा तीच गत आहे, मी बेंचवर..."

अक्कांनी फोन दिला नाही. तो कानाला तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या पानात दोन डाव भात वाढला, वर तूप घातलं. "आज पोटभर जेव, तंबी," म्हणाल्या. "उद्यापासून नको येऊस."

त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असतो तर तूपही वाढलं नसतं.

याला आता दोन महिने झाले. मला प्रोजेक्ट मिळालं. मी खोलीवर काहीबाही मागवून जेवतो. पण प्रसन्ना आला की नाही? ठाऊक नाही! तो नंबर अक्कांनी बंद केला. ज्याच्यासाठी चालू ठेवला होता त्याचा फोन येऊन गेला होता. कार्तिकला पाठवावं, तर तोही त्या व्हिडिओत माझ्या शेजारीच खिदळताना दिसतोय.

परवा न राहवून गल्लीच्या तोंडाशी गेलो. मेसच्या दारात चपलांचा ढीग होता. त्यातल्या त्याच्या कुठल्या, मला काय माहीत? आत डोकावलो तर लगेच कळेल. पण तो आला असेल, तर मला बघून जाईल. तसाच मागं फिरलो. आख्ख्या चेन्नईनं माझं तोंड दाढेपर्यंत बघितलंय, आणि मला मात्र एक दार लोटून आत बघायची सोय राहिलेली नाही.