सासूबाईंचा अंगठा

आजवर कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. माझी थोरली मेहुणी जालन्याहून मुंबईला गेली, मूकपटांत गर्दीत उभी राहिली आणि पुढं उर्दू बोलपटांची नायिका झाली. तिचा बोलपट गावात लागला की सासूबाई बायकांच्या बाकावर जाऊन बसत. उर्दू त्यांना कळत नसे, लेकीचे ओठ तेवढे बघत.

माझं लग्न धाकटीशी ठरलं तेव्हा मी निजामाच्या सरकारी शाळेत उर्दूतून शिकवणारा मास्तर होतो. मेहुणीला उर्दूच वाचता येई, म्हणून बोलावणं मलाच लिहायला बसवलं.

"लिवा मास्तर, तू आल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत," सासूबाई म्हणाल्या.

मी मान डोलावली आणि लिहिलं, येऊ नकोस, धाकटीचं लग्न मोडेल. नटी मांडवात दिसली तर माझी माणसं उठून जातील, ही धास्ती माझी होती. सासूबाईंनी खाली विश्वासानं अंगठा उमटवला.

ती आली नाही. शालू पाठवला.

"लई मोठी झाली बाई," बायको म्हणाली. तो शालू तिनं कधी नेसला नाही.

सासूबाई गेल्या, मेहुणीही गेली. बायको अजून बहिणीला गर्विष्ठच समजते. ते पत्र माझं होतं, हे सांगण्याचं देणं मी तिला अजून लागतो.