दोरी कोणत्या बाजूला

मिस्त्री चूक कबूल करणाऱ्यांतले नव्हते. टेबल डुगडुगलं तर दोष जमिनीचा, दार अडकलं तर भिंतीचा. गिऱ्हाइकं हसून सोडून द्यायची, कारण काम चोख असायचं. पण हाच ताठा त्यांनी सख्ख्या थोरल्या भावावर चालवला, आणि अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

निमित्त झालं एका धनुष्याचं. दादाला तिरंदाजीचा भारी नाद. कोणाकडून तरी जुनं धनुष्य घेऊन तो दर रविवारी शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवायचा. शंभरदा बोलावूनही मिस्त्री कधी बघायला गेले नाहीत. एकदा दादाच्या घरी गेले तेव्हा दोरी उतरवलेलं ते धनुष्य टेबलावर पडलं होतं. दादा आत चहा टाकत होता आणि वहिनी कामावर गेल्या होत्या. लाकूड दिसलं की मिस्त्रींचे हात शिवशिवायचे. त्यांनी दोरी चढवली आणि मुठीपाशी कडकन आवाज झाला.

"अरे, उलटी चढवलीस!" दादा धावत आला.

"मला लाकूड शिकवू नकोस. मालच सडका आणलायस तू."

शब्दाने शब्द वाढत गेला. "तुझ्यासारखा आडमुठा जन्मात पाहिला नाही," दादा म्हणाला. मिस्त्रींनी चपला घातल्या आणि निघाले. पुढे वर्षभर दुकानात येईल त्याला त्यांनी ही हकीकत तिखटमीठ लावून ऐकवली. दादाचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे तिथवर काही पोचलं नाही.

मग अकराव्या वर्षी दादा अचानक गेला. तीन महिन्यांनी वहिनी जुन्या चादरीत धनुष्य गुंडाळून दुकानात आल्या.

"भाऊजी, मैदानावरच्या मुली म्हणतात, सरांचं धनुष्य आम्हाला द्या. मोडल्यावर यांनी रंग फासून माळ्यावर टाकलं होतं. केव्हाचं आहे, ओढण्याजोगं होईल का, बघता?"

"ठेवा," मिस्त्री म्हणाले. वहिनी किती वाळल्या आहेत ते त्यांना दिसलं, वाईटही वाटलं. पण खोटं कशाला बोला, मनात एकच गोष्ट उसळत होती. आता सांधा उघडला की आतलं सडकं लाकूड दिसणार आणि आपण बरोबर ठरणार. दादा गेला तरी मिस्त्रींचं भांडण काही मिटलं नव्हतं.

त्यांनी हलक्या हाताने रंग खरवडला. खाली पांढऱ्या शाईने लिहिलेली अक्षरं निघाली: लांबी सहासष्ट इंच, ओढायला जोर पस्तीस पौंड, पुढे कसलासा क्रमांक. मूठ आणि तिच्या वरचं-खालचं अशी दोन्ही पाती एकसंध होती, कुठे स्क्रू नाही. म्हणजे बहुधा पाती सुटी करायची सोय येण्याआधीचं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं. फायबरच्या दोन पट्ट्यांमध्ये फिकट लाकूड होतं. मुठीपाशी पट्टी लाकडापासून सुटली होती, तो सांधा त्यांनी भिंग लावून पाहिला. कीड नाही, बुरशी नाही. लाकूड शाबूत होतं.

मग टोकांकडे लक्ष गेलं. दोरी घासून घासून तिथे खाचा पडल्या होत्या, पण भलत्याच, बाकाच्या फुगीर बाजूला. आधीचा मालक वेडा असेल, असं मिस्त्री पुटपुटले. मुठीतला खळगा दादाच्या तळव्याच्या घामाने काळा पडला होता. त्यांनी त्यात आपला तळवा टेकवला. खाचा त्यांच्या बाजूला आल्या आणि धनुष्याचा बाक त्यांच्यापासून दूर, समोर वळला. या जातीच्या धनुष्याला बाकाविरुद्ध मागे वाकवूनच दोरी चढवायची असते. मिस्त्रींनी बादलीच्या कडीसारखी ती बाकाच्या बाजूनेच ताणली होती. दादाने तेच तर सांगितलं होतं.

मिस्त्री स्टुलावर बसले आणि रडले. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त दादा हवासा वाटला.

चांगला गोंद भरून, चार शिकंजे आवळून त्यांनी आठ दिवस धनुष्याला हात लावला नाही. मग दोरी चढवली, या वेळी योग्य बाजूला, आणि वीतवीत करून ओढून पाहिली. सांधा टिकला. वहिनी आल्या तेव्हा मिस्त्रींनी त्यांना बसायलासुद्धा सांगितलं नाही.

"वहिनी, हे माझ्या हातून मोडलं होतं. दोरी उलटी चढवली मी. दादाचं खरं होतं."

वहिनी बघतच राहिल्या. "तुमच्या हातून? हे तर म्हणाले, माझ्याच हातून पडलं."

"मग आमचं बोलणं बंद का, ते नाही सांगितलं?"

"विचारलं की म्हणायचे, मी धाकट्याला नको ते बोललो. जाऊन माफी मागतो. चारदा तर कपडे बदलून निघाले होते. कोपऱ्यावरून परत यायचे. म्हणायचे, माझं तोंड बघून तो अजून चिडायचा."

वहिनींनी डोळे पुसले आणि धनुष्य चादरीत गुंडाळायला घेतलं.

"वहिनी," मिस्त्री म्हणाले, "मुलींना देताना हे पडून मोडलं असं सांगू नका. सरांच्या भावाने मोडलं म्हणून सांगा."